गुडघ्यात मुरलेले पाणी

२०२५च्या जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यात रोज संध्याकाळी आकडे यायचे. गुलेन-बारीचे, म्हणजे जीबीएसचे एकूण रुग्ण किती, अतिदक्षता विभागात किती, व्हेंटिलेटरवर किती, घरी किती गेले, दगावले किती. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यातली घरे त्या आकड्यांकडे डोळे लावून बसलेली असत. रुग्ण अखेर २००च्या वर गेले. राष्ट्रीय विषाणू संस्थेने शौचाचे नमुने तपासले, तेव्हा काहींत ‘कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस सापडला. मग नांदेडची विहीर चर्चेत आली, टँकर आले, गल्लोगल्लीचे आरओ प्लँट आले. दिल्लीहून पथक आले. राज्याने आणि महापालिकेने उपचारांचा खर्च उचलण्याच्या घोषणा केल्या. माणूस हातपाय लुळे पडून श्वासासाठी यंत्रावर जातो म्हटल्यावर धावपळ व्हायलाच हवी होती, आणि ती झाली.

त्या रोजच्या तक्त्यात सांध्यांचा रकाना मात्र नव्हता.

कॅम्पायलोबॅक्टर पोटात गेला की जुलाब, ताप, पोटात मुरडा, कधी शौचातून रक्त, असा आठवडाभराचा त्रास होतो आणि बहुतेक माणसे बरी होतात. काहींच्या बाबतीत गोष्ट तिथे संपत नाही. जंतूशी लढायला निघालेली प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच शरीरावर उलटते. ती नसांवर उलटली तर जीबीएस आणि सांध्यांवर उलटली तर ‘रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस’, म्हणजे संसर्गानंतरचा सांधेदाह. वैद्यकाच्या पुस्तकांत जीबीएसचे प्रमाण या जिवाणूची बाधा झालेल्या हजारांमागे साधारण एक असे धरतात. सांधेदाहाचे प्रमाण शंभरामागे एक ते पाच. हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले आहेत, सिंहगड रस्त्यावरचे सगळे जुलाब या एकाच जंतूचे नव्हते, आणि सांधेदाहाच्या पुष्कळ केसेस सौम्य असतात, हे सगळे मान्य. तरीही दोन प्रमाणांतली तफावत एवढी मोठी आहे की विरळ उपद्रव ज्या गावात शेकड्यांत मोजला गेला, तिथे त्याहून कितीतरी अधिक आढळणारा दुसरा उपद्रव शोधायलाच हवा होता. आपण तो शोधला नाही. सुजलेल्या गुडघ्याला व्हेंटिलेटर लागत नाही, एवढेच त्याचे कारण.

आता समजा, किरकटवाडीतली चाळिशीची एक बाई आहे. जानेवारीत घरातल्या सगळ्यांना जुलाब झाले. तिने कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून गोळ्या घेतल्या, ओआरएस प्याली, चार दिवसांत कामाला लागली. तीन आठवड्यांनी उजवा गुडघा टम्म फुगला. मग डावा घोटा. सकाळी उठताना टाच जमिनीला टेकवेना. डोळा लाल झाला, पण तो धुळीमुळे असेल म्हणून सोडून दिला. ती हाडाच्या डॉक्टरांकडे गेली. तिथे गुडघ्याचा एक्स-रे निघाला, युरिक ॲसिड झाले, आरए फॅक्टर झाला. केसपेपरवर लिहिले गेले: गुडघेदुखी, सूज, पाणी झाले आहे, वेदनाशामक पाच दिवस. जुलाबांबद्दल डॉक्टरांनी विचारले नाही आणि बाईंनी आपणहून सांगितले नाही. गुडघा दाखवायला गेलेली कोणती बाई महिन्यापूर्वीची हगवण सांगत बसेल? शेजारणीने सांगितले की आमवात आहे, आंबट खाऊ नका. इथे कोणीही फार मोठी चूक केलेली नाही. पण जानेवारीतली विहीर आणि फेब्रुवारीतला गुडघा यांना जोडणारी जी एक ओळ केसपेपरवर हवी होती, ती कोणी लिहिली नाही आणि आता ती कोणी लिहूही शकणार नाही.

त्या ओळीला जगभर कोड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गवारीत संसर्गामागून येणाऱ्या सांधेविकारांना ‘एम०२’ असे घर आहे. त्यात हगवणीनंतरचा सांधेविकार एम०२.१. प्रत्यक्ष सांध्यातच जंतू शिरून पू झाला असेल, तर त्याचे घर वेगळे, एम००. नुसती सांधेदुखी एम२५.५, सांध्यात पाणी एम२५.४, आणि कशाचाच पत्ता लागला नाही तर एम१३.९, म्हणजे ‘सांधेदाह, अनिर्दिष्ट’. ही घरे वेगळी ठेवण्याचे कारण कारकुनी नाही. पू झालेला सांधा ही तातडीची बाब असते. तो धुवून काढावा लागतो, शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात, उशीर झाला तर कूर्चा जाते. उलटलेल्या प्रतिकारशक्तीने सुजलेल्या सांध्यातल्या पाण्यात जंतू वाढत नाहीत. तिथे चिरफाड नको असते, सूज उतरवणारी औषधे आणि महिनोन् महिने लक्ष ठेवणे हवे असते. सुई घालून पाणी काढून तपासल्याशिवाय आणि मागचा आजार विचारल्याशिवाय या दोहोंत फरक करता येत नाही. केसपेपरवर नुसते ‘गुडघ्याला सूज’ असेल तर कोड देणाऱ्याने काय द्यावे? तो एम२५ देतो आणि मोकळा होतो. डॉक्टरांनी न लिहिलेले निदान आपल्या मनाने जोडायचे नाही, हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम आहे आणि तो बरोबरच आहे.

हा नियम पुण्याला शिकवायची गरज नाही. या शहरात ‘मेडिकल कोडिंग’चे क्लास आहेत. बीएस्सी, बीफार्म, फिजिओथेरपी झालेली मुले ते करतात, परीक्षा देतात आणि अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद वाचून त्यांना कोड लावतात. अमेरिकेने आपल्या सोयीने वाढवलेली आयसीडी-१०ची आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५पासून लागू केली. तीत हगवणीनंतरचा सांधेविकार उजव्या गुडघ्यात असेल तर एम०२.१६१ आणि डाव्यात असेल तर एम०२.१६२. शिवाय आधी मूळ आजाराचा कोड द्यायचा आणि मग सांध्याचा, अशी सूचना तिथेच छापलेली असते. बाजू लिहिली नाही म्हणून, किंवा मूळ आजार लिहिला नाही म्हणून, डॉक्टरांना उलट प्रश्न पाठवला जातो. ओहायोतल्या एखाद्या आजोबांचा गुडघा उजवा की डावा आणि तो कशामागून सुजला, याची चौकशी पुण्यातली मुलगी रात्रपाळीत करते. तिच्या स्वतःच्या आईच्या केसपेपरवर ‘जॉइंट पेन’ एवढेच असते.

आपल्याकडे कोड लागतो तो बिलासाठी. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या क्लेमच्या फॉर्मात रुग्णालयाने भरायच्या भागात आयसीडी-१०चे रकाने आहेत: मुख्य निदान, जोडीचे निदान, सहव्याधी. विम्याचे दावे तपासणाऱ्या टीपीएच्या टेबलावर ते रकाने वाचले जातात, कारण पैसे तिथून सुटतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही उपचार पॅकेजला बांधलेले असतात. या सगळ्याचा संबंध दाखल झालेल्या रुग्णाशी. संसर्गानंतरचा सांधेदाह हा बहुतांशी बाह्यरुग्ण विभागातला आजार. तिथे बिल दोन-चारशे रुपयांचे, क्लेम नाही, म्हणून कोड नाही आणि कोड नाही म्हणून मोजणी नाही. जीबीएस मोजला गेला यात त्याच्या भीषणतेचा वाटा मोठा आहेच, पण त्याला खाट लागते, पॅकेज लागते आणि जी६१.० असा एकच सुटसुटीत कोड आहे, याचाही वाटा आहे.

सरकारी साथनोंदणीचे तरी काय? एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ साली सुरू झाला. आरोग्य सेविकेचा एक फॉर्म, डॉक्टरचा दुसरा, प्रयोगशाळेचा तिसरा. आता ते सगळे संगणकावर गेले आहे. त्यात अतिसार आहे, हगवण आहे, कावीळ आहे, विषमज्वर आहे, चिकुनगुन्या आहे. पण या सगळ्या नोंदी आजाराच्या पहिल्या आठवड्याच्या आहेत. तीन आठवड्यांनी, तीन महिन्यांनी त्या माणसाचे काय झाले हे विचारणारा रकाना नाही.

आणि चिकुनगुन्याच्या बाबतीत तर महाराष्ट्राला अजाणतेपणाची सबब सांगता येत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७३ साली या तापाची मोठी साथ आली होती आणि पुण्याच्याच विषाणू संस्थेच्या लोकांनी ती तपासली होती. मग हा आजार तीसेक वर्षे जणू गायब झाला आणि २००५-०६ मध्ये परतला. गावेच्या गावे वाकून चालू लागली. पुण्याने २०२४ मध्ये पुन्हा त्याचा जोर पाहिला. ताप आठवड्यात जातो, सांधे मात्र महिनोन् महिने, काहींचे वर्षानुवर्षे धरलेले राहतात. नोंद कशाची होते? तापाची, ए९२.०. सहा महिन्यांनी तीच व्यक्ती मनगट आणि बोटे धरून येते तेव्हा तिच्या कागदावर चिकुनगुन्याचा उल्लेख असेलच असे नाही. असला तरी तो ‘पूर्वी चिकनगुनिया झाला होता असे सांगतात’ अशा आडवळणाने. रक्ततपासणीचा कागद हरवलेला असतो. साथीच्या वर्षी तर पुष्कळांनी तपासणी केलीच नव्हती, कारण घरातल्या पहिल्याची झाली आणि बाकीच्यांना तेच असणार हे सगळ्यांना ठाऊक होते. पुढे संधिवाताची जड औषधे सुरू करायची की थांबायचे हे डॉक्टरांना ठरवायचे असते, तेव्हा तो हरवलेला कागद फार महाग पडतो.

‘इतके बारकाईने कोण लिहिणार’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. जून १९६२ मध्ये अमेरिकी आरमाराच्या एका जहाजावर पिकनिकच्या जेवणातून हगवण पसरली. १,२७६ खलाशांपैकी ६०२ आजारी पडले. पुढच्या काही आठवड्यांत त्यातल्या नऊ-दहा जणांचे सांधे सुजले, काहींचे डोळे लाल झाले, लघवीला जळजळ होऊ लागली. जहाजावरच्या डॉक्टरांनी कोणाला हगवण कधी झाली आणि कोणाचा सांधा कधी धरला हे समोरासमोर मांडून ठेवले. तेरा वर्षांनी दुसऱ्या दोन डॉक्टरांनी त्या यादीवरून पाच जणांना शोधून काढले आणि तपासले, तेव्हा हा आजार किती लांबतो आणि एचएलए-बी२७ या आनुवंशिक खुणेशी त्याचे नाते काय, हे कळायला मदत झाली. त्याच्याही आधी, १९४४ साली, फिनलंडमध्ये लढाईच्या धामधुमीत हगवणीची साथ आली आणि पारोनेन नावाच्या डॉक्टराने तिच्यामागून सांधे धरलेल्या ३४४ रुग्णांची टिपणे १९४८ साली प्रसिद्ध केली. युद्धात जमले.

या आजाराच्या नोंदीला एक काळा डागही आहे. हा आजार नीट वर्णिला गेला १९१६ साली, फ्रान्समध्ये फिसांजे व लरुआ यांच्याकडून आणि जर्मनीत हान्स रायटर याच्याकडून. रायटर पुढे नाझी राजवटीचा बडा आरोग्य अधिकारी झाला आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीतल्या कैद्यांवर झालेल्या लसप्रयोगांशी त्याचे नाव जोडले गेले. १९४२ साली ज्या दोघा अमेरिकी डॉक्टरांनी या आजाराला रायटरचे नाव दिले, त्यांतले एफ्राइम एंगलमन यांनी २००७ साली इतरांसह जाहीर लेख लिहून ते नाव मागे घेतले. आयसीडी-१०च्या एम०२.३ या घरावर रायटरची पाटी मात्र तशीच राहिली. कागदावर एकदा उतरलेले पुसायला पासष्ट वर्षेही पुरत नाहीत. न उतरलेल्याची तर कोणी वाटही पाहत नाही.

आता व्यवहाराचे. एका ओपीडीत सकाळी शंभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना कोडची पुस्तके वाचा असे सांगणे हा निव्वळ अन्याय होईल. कोड देणे हे त्यांचे कामच नाही, ते नोंद विभागाचे आहे. केंद्र सरकारचा आरोग्य माहिती विभाग त्यासाठी नोंद अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देत आला आहे. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके सांभाळणारे राष्ट्रीय केंद्र तर पुण्यातच सी-डॅकमध्ये आहे. डॉक्टरांकडून हवी आहे फक्त एक ओळ. कोणता सांधा, कोणती बाजू. गेल्या सहा आठवड्यांत जुलाब, ताप, घसा, लघवीचा त्रास झाला का. झाला असल्यास केव्हा. सांध्यातले पाणी तपासले का. केसपेपरवर रबरी शिक्का मारून चार मोकळ्या जागा भरता येतात. महापालिकेच्या दवाखान्यांत गरोदर बाईच्या कार्डावर आणि बाळाच्या लसीच्या कार्डावर याहून जास्त रकाने असतात आणि ते भरलेही जातात.

पाठपुराव्याचे म्हणाल तर तेही आपल्याला येते. पोलिओच्या मोहिमेत १९९७पासून देशभर पंधरा वर्षांखालच्या ज्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडेल त्याची नोंद होते, कारण काहीही असो. शौचाचे दोन नमुने चोवीस तासांच्या अंतराने घेतले जातात आणि साठ दिवसांनी कोणीतरी त्या मुलाच्या दारी जाऊन लुळेपणा उरला आहे का ते पाहून येते. जीबीएस झालेले मूल या जाळ्यात आपोआप सापडते. लुळ्या पायाचा माग डोंगरात, झोपडपट्टीत, ऊसतोडीच्या पालांवर जाऊन काढणाऱ्या यंत्रणेला खडकवासला ते धायरी या एवढ्याशा पट्ट्यात ज्यांना त्या जानेवारीत जुलाब झाले त्यांच्या दारी जाऊन ‘सांधे कसे आहेत’ एवढे विचारणे अशक्य नव्हते. आशाताई घरोघर जाऊन जुलाबाचे रुग्ण शोधतच होत्या. याद्या तयार होत्या. सहा आठवड्यांनी पुन्हा एक फेरी हवी होती.

ती का झाली नाही, याचे एक उत्तर मनुष्यबळ हे आहे. दुसरे जरा अवघड आहे. खडकवासला, किरकटवाडी, नांदेड ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली. धरण उशाला, पण शुद्धीकरण प्रकल्पातून निघालेले पाणी पुण्याच्या पेठांना आणि या गावांना विहिरीतले, फक्त क्लोरिन टाकलेले, अशी स्थिती साथीच्या वेळी उघड झाली. गुडघ्याच्या केसपेपरवर ‘जुलाबानंतर’ असे लिहिले, की तो गुडघा पाणीपुरवठा विभागाच्या दारात जाऊन उभा राहतो. ‘सांधेदाह, अनिर्दिष्ट’ लिहिले, की तो त्या बाईचा, तिच्या वयाचा, तिच्या वजनाचा आणि तिच्या नशिबाचा. कोणी जाणूनबुजून असे करत असेल असा आरोप मी करत नाही. पण ज्या नोंदीने कोणाची तरी जबाबदारी ठरते, ती नोंद ठेवण्याची घाई त्या माणसाला नसते, हे पालिकेचा कारभार पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागू नये.

कॅनडातल्या वॉकर्टनमध्ये मे २००० मध्ये विहिरीच्या पाण्यातून अशीच साथ आली होती. मोठा पाऊस झाला, गुरांच्या शेणाचे पाणी गावाच्या विहिरीत उतरले, क्लोरिनकडे दुर्लक्ष झाले. त्या पाण्यात इ. कोलाय होता आणि हाच आपला कॅम्पायलोबॅक्टर. सुमारे पाच हजारांच्या गावात २,३०० आजारी, ७ मृत्यू. न्यायालयीन चौकशीत निघाले की पाणीपुरवठ्याच्या वहीत क्लोरिनचे प्रमाण वर्षानुवर्षे न मोजताच ०.५ किंवा ०.७५ असे ठोकून दिले जात होते. त्यानंतर तिथल्या सरकारने २००२पासून काही वर्षे गावकऱ्यांची तपासणी चालवली. मूत्रपिंड, रक्तदाब, आतडी यांच्याबरोबर सांध्यांच्या तक्रारीही विचारल्या गेल्या. भरपाईच्या योजनेत प्रत्येक रहिवाशाला किमान २,००० डॉलर मिळाले. त्याहून अधिक हवे असतील, तर त्या पाण्याने आपले काय झाले हे डॉक्टरांच्या कागदांनिशी दाखवायचे होते.

उद्या नांदेड-किरकटवाडीच्या लोकांनी अशी मागणी केलीच, तर जीबीएसमधून उठलेल्यांकडे फायलींचा गठ्ठा आहे. गुडघा धरून बसलेल्यांकडे एक एक्स-रे, युरिक ॲसिडचा नॉर्मल रिपोर्ट आणि ‘जॉइंट पेन’ लिहिलेला केसपेपर आहे. २०२५च्या साथीसाठी आता उशीर झाला आहे. पण दर जूनमध्ये गढूळ पाणी येते आणि दर पावसाळ्यात जुलाबाच्या रांगा लागतात. निदान या पट्ट्यातल्या महापालिकेच्या दवाखान्यांत तो शिक्का येत्या पावसाळ्याआधी पोहोचवावा. आरोग्य विभागाला त्यासाठी ना समिती नेमावी लागेल, ना निविदा काढावी लागेल.